दोन स्विचमधले चार पोर्ट, एक ट्रंक : जोडणीपूर्व तयारीचा प्रकरण अभ्यास

या प्रकरणातील नेटवर्क मोठे नाही. सर्व्हर खोलीत २४ पोर्टांचा मुख्य स्विच, वरच्या मजल्यावर ४८ पोर्टांचा दुसरा स्विच आणि या दोघांना जोडणारी सेकंदाला १ गिगाबिट वेगाची एकच तांब्याची केबल, एवढाच त्याचा पसारा होता. मजल्यावरचे संगणक, टेलिफोन आणि वायरलेस अ‍ॅक्सेस पॉइंट या सर्वांची वाहतूक याच केबलवरून खाली उतरत असे. सकाळी कामाला सुरुवात झाली की पहिले दीड-दोन तास फाइली उघडायला वेळ लागतो, फोनवरचा आवाज तुटतो, अशा तक्रारी येऊ लागल्या आणि अपलिंकचा, म्हणजे या जोडणाऱ्या केबलवरच्या वाहतुकीचा, आलेख पाहिला तेव्हा नेमक्या त्याच वेळेत रेषा छताला टेकून सपाट झालेली दिसली. असा आलेख पाच मिनिटांच्या सरासरीवर काढलेला असतो, त्यामुळे तो सपाट दिसू लागतो तोपर्यंत प्रत्यक्ष कोंडी बरीच जुनी झालेली असते. अधिक भरवशाचा पुरावा पोर्टच्या काउंटरमध्ये होता : जागा नाही म्हणून टाकून दिलेल्या फ्रेमचा, म्हणजे माहितीच्या तुकड्यांचा, आकडा पाहता पाहता वाढत होता, तर खराब फ्रेमचा आकडा शून्यावरून हलत नव्हता. केबल बिघडलेली नव्हती, ती अपुरी पडत होती.

अशा वेळी सर्वांत सरळ उपाय म्हणजे १० गिगाबिटची जोडणी. ती शक्य असेल तर तीच करावी, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण एक रुंद वाट ही चार अरुंद वाटांपेक्षा नेहमीच कमी कटकटीची असते. पण मजल्यावरच्या स्विचला त्या वेगाचा एकही पोर्ट नव्हता आणि दोन्ही स्विचवर प्रत्येकी तीन पोर्ट मोकळे होते. म्हणून जुनी एक आणि नव्या तीन अशा चार केबल एकत्र करून त्यांची एक ट्रंक बांधण्याचे ठरले. पुढे जे काही घडले त्यातला फार थोडा भाग प्रत्यक्ष ट्रंक बांधण्याचा आहे. बाकी सगळा तयारीचा, आणि पहिल्या वेळी ती तयारी न केल्याचा आहे.

एका शब्दाचे दोन अर्थ

दोन स्विच दोन वेगळ्या घराण्यांचे होते, आणि ‘ट्रंक’ हा शब्द या घराण्यांत वेगवेगळ्या अर्थाने वापरला जातो. सिस्कोच्या परिभाषेत ट्रंक म्हणजे अनेक व्हीलॅनची (एकाच स्विचवर आखलेल्या वेगवेगळ्या आभासी नेटवर्कांची) वाहतूक टॅग, म्हणजे व्हीलॅनचा क्रमांक, लावून एकाच वाटेने नेणारा पोर्ट. अनेक पोर्ट एकत्र बांधण्याला तिथे ‘इथरचॅनल’ किंवा ‘पोर्ट चॅनल’ म्हणतात. एचपीच्या प्रोकर्व्ह घराण्यात मात्र ट्रंक म्हणजे एकत्र बांधलेले पोर्टच, आणि व्हीलॅन वाहून नेणाऱ्या पोर्टला तिथे नुसते ‘टॅग्ड’ म्हटले जाते. यात चूक कोणाचीच नाही. व्हीलॅनच्या टॅगचे प्रमाण, म्हणजे आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेचे ८०२.१क्यू, १९९८ मध्ये आले, आणि पोर्ट एकत्र बांधण्याचे ८०२.३एडी २००० मध्ये. २००८ मध्ये ते ८०२.१एएक्स या क्रमांकाखाली हलवण्यात आले. उत्पादकांनी मात्र प्रमाणांची वाट पाहिली नव्हती. इथरचॅनलची मूळ कल्पना तर ‘कल्पना’ याच नावाच्या कंपनीची, जी सिस्कोने १९९४ मध्ये विकत घेतली. प्रमाण येईपर्यंत प्रत्येकाच्या तोंडी आपापला शब्द रुळून गेलेला होता.

आमच्याकडे सर्व्हर खोलीतल्या स्विचवर ट्रंकचा अर्थ ‘बांधलेले पोर्ट’ असा होता आणि मजल्यावरच्या स्विचवर ‘व्हीलॅन नेणारा पोर्ट’ असा. मी खाली होतो, सहकारी वर होते, आणि आमच्यात फक्त फोन होता. “सेहेचाळीस नंबर ट्रंक करून ठेवा, मग केबल लावा,” एवढेच मी त्यांना सांगितले. त्यांनी त्यांच्या स्विचच्या भाषेत ते अगदी बरोबर केले : पोर्ट ४६ ट्रंक मोडमध्ये टाकला, सर्व व्हीलॅनना परवानगी दिली आणि केबल लावली. माझ्या बाजूला मी पोर्ट २२ ला अजून हातही लावलेला नव्हता. केबल आत गेली आणि दोन स्विचमध्ये आता दोन स्वतंत्र, परस्परांना न ओळखणाऱ्या वाटा तयार झाल्या, म्हणजेच लूप : वाहतूक गोल फिरत राहील असे वर्तुळ.

लूप आतून कसा दिसतो

स्विचच्या दर्शनी भागावरचे दिवे एरवी अनियमितपणे लुकलुकतात. एक थांबतो, दुसरा भरभर चमकतो. त्या क्षणी सगळे दिवे एकाच लयीत चमकू लागले आणि काही सेकंदांत ती लय इतकी जलद झाली की दिवे सतत पेटलेलेच वाटू लागले. ज्याने हे एकदा पाहिले आहे त्याला दुसऱ्यांदा काउंटर तपासण्याची गरज पडत नाही.

आत जे घडत असते ते असे. एखाद्या संगणकाने पत्ता विचारण्यासाठी एक ब्रॉडकास्ट, म्हणजे सर्वांसाठी असलेली, फ्रेम पाठवली की स्विच ती आलेला पोर्ट सोडून बाकी सर्व पोर्टांवर पाठवतो. दोन समांतर वाटा असतील तर तिच्या दोन प्रती दुसऱ्या स्विचकडे पोहोचतात. तो पहिल्या वाटेने आलेली प्रत दुसऱ्या वाटेने आणि दुसऱ्या वाटेने आलेली पहिल्या वाटेने परत पाठवतो. आयपी पॅकेटला आयुष्याची मर्यादा असते, प्रत्येक राउटरवर तिचा आकडा एकाने घटतो आणि शून्य झाला की पॅकेट संपते. इथरनेट फ्रेमच्या शीर्षात असा आकडाच नाही. त्यामुळे त्या दोन प्रती विरुद्ध दिशांनी फिरत राहतात, दर फेरीला मजल्यावरच्या प्रत्येक यंत्राकडे आपली एकेक नक्कल सोडतात, आणि प्रत्येक नवी ब्रॉडकास्ट फ्रेम त्यांच्यात भर घालते. सर्वांत लहान फ्रेम ६४ बाइटची धरली आणि तिच्या पुढे-मागे लागणारे २० बाइट मिळवले तर १ गिगाबिटच्या वाटेवर सेकंदाला सुमारे १४ लाख ८८ हजार फ्रेम मावतात. दोन्ही वाटा दोन्ही दिशांनी त्या मर्यादेकडे जाऊ लागतात.

त्याच वेळी दुसरे नुकसान होत असते आणि ते अधिक चकवणारे असते. कोणता पत्ता कोणत्या पोर्टवर आहे, हे स्विच येणाऱ्या फ्रेमच्या मूळ पत्त्यावरून शिकतो. फिरणारी प्रत आता जुन्या केबलच्या पोर्ट ४५ वरून येते, क्षणात ४६ वरून, त्यामुळे मजल्यावरच्याच संगणकाचा पत्ता स्विचला अपलिंकच्या बाजूला असल्यासारखा वाटू लागतो आणि त्याच्यासाठी आलेली खरी वाहतूकही भलतीकडे जाते. स्विचचा स्वतःचा प्रोसेसर प्रत्येक ब्रॉडकास्ट वाचण्यात बुडून जातो, म्हणून नेटवर्कवरून स्विचमध्ये शिरून पोर्ट बंद करण्याचा मार्गही उरत नाही. सहकाऱ्यांना केबल उपटायला सांगण्यासाठी मी फोन उचलला, पण आमचे टेबलावरचे फोन त्याच नेटवर्कवर चालत होते. शेवटी मी जिना चढलो.

केबल काढताच काही सेकंदांत सगळे पूर्ववत झाले. मग साहजिक प्रश्न आला की असे लूप तोडण्यासाठीच असलेला स्पॅनिंग ट्री कुठे होता. सर्व्हर खोलीतल्या स्विचवर तो कारखान्यातूनच बंद आलेला होता आणि कोणी चालू केला नव्हता. मजल्यावरच्या स्विचवर तो पूर्वी कोणीतरी बंद केला होता, आणि त्यामागचे कारण समजण्यासारखे होते : जुन्या पद्धतीच्या स्पॅनिंग ट्रीमध्ये पोर्ट चालू झाल्यावर ऐकण्याचे १५ आणि शिकण्याचे १५ असे ३० सेकंद वाहतूक अडवली जाते, तेवढ्यात संगणक पत्ता मागून कंटाळतो आणि नेटवर्क नसल्याची पाटी दाखवतो. यावर संगणकांचे पोर्ट ‘टोकाचे पोर्ट’ म्हणून घोषित करणे हा योग्य उपाय होता. त्याऐवजी संपूर्ण यंत्रणाच बंद करण्यात आली, आणि एकच अपलिंक असेपर्यंत तिची उणीव कोणाला जाणवली नाही.

अर्धी बांधलेली ट्रंक

या घटनेनंतर माझे मत असे झाले, आणि पुढची सगळी आखणी त्यावरच उभी आहे : पोर्ट पूर्णपणे स्वतंत्र असताना, एकच केबल लावलेली असेल तर, धोका नसतो, ते दोन्ही बाजूंनी पूर्णपणे बांधले गेले की पुन्हा धोका नसतो, एक बाजू बांधलेली आणि दुसरी नाही, हा मधला काळ धोक्याचा असतो. तयारी म्हणजे तो मधला काळ केबलविना पार पाडण्याची व्यवस्था.

ही अर्धी अवस्था नेहमीच वादळ उठवते असेही नाही, आणि ते अधिक वाईट. समजा, मी माझी बाजू आधी बांधली असती, तीही कोणताही प्रोटोकॉल न वापरता, हाताने. मग माझ्या स्विचने २१ (जुन्या केबलचा पोर्ट) आणि २२ हा एकच पोर्ट मानला असता आणि ब्रॉडकास्टची एकच प्रत २१ वरून वर पाठवली असती. वरच्या स्विचने ती ४६ वरून मला परत पाठवली असती. माझ्या स्विचने ती ट्रंकवर आली म्हणून पुन्हा ट्रंकवर पाठवली नसती. फेरी तिथेच थांबली असती, दिवे भडकले नसते. पण आपल्याच सर्व्हरचा पत्ता ट्रंकच्या दिशेने आहे, असे त्याने शिकून घेतले असते, आणि सर्व्हरकडे जाणारी वाहतूक मधूनमधून हरवली असती. अशा बिघाडात नेटवर्क ‘कधी चालते, कधी नाही’ या स्थितीत राहते आणि माणसे दोन दिवस सर्व्हरवर संशय घेत बसतात.

म्हणून हाताने बांधलेल्या ट्रंकऐवजी एलएसीपी, म्हणजे दोन्ही स्विचनी आपसांत बोलून गट बांधण्याचा प्रोटोकॉल, वापरायचे ठरवले. या प्रोटोकॉलमध्ये प्रत्येक पोर्ट समोरच्या पोर्टला आपली ओळख कळवतो, आणि समोरून ओळख आल्याशिवाय, तीही एकाच यंत्राची व एकाच गटाची, त्या पोर्टला गटात घेतले जात नाही. चुकून एखादी केबल तिसऱ्याच स्विचमध्ये गेली तरी ती गटाबाहेर राहते. हाताने बांधलेल्या ट्रंकला हे कळण्याचा मार्गच नसतो. दोन्ही बाजू ‘अ‍ॅक्टिव्ह’ ठेवल्या. एक अ‍ॅक्टिव्ह आणि एक ‘पॅसिव्ह’ असले तरी चालते, पण दोन्ही पॅसिव्ह असतील तर दोघेही समोरच्याने आधी बोलावे म्हणून गप्प राहतात आणि ट्रंक कधीच होत नाही. एक बाजू एलएसीपीवर आणि दुसरी हाताने बांधलेली, हे मिश्रण तर वर सांगितलेल्या अर्ध्या अवस्थेकडेच परत नेते.

संदेशांची गती नेहमीची ठेवली, म्हणजे दर ३० सेकंदांनी एक संदेश आणि ९० सेकंद काहीच आले नाही तर पोर्ट गटाबाहेर. दर सेकंदाला संदेश आणि ३ सेकंदांत निर्णय, अशी जलद गतीही निवडता येते; मध्ये मीडिया कन्व्हर्टरसारखे, म्हणजे एका प्रकारची केबल दुसऱ्या प्रकारच्या केबलला जोडणारे, यंत्र असेल आणि पलीकडची केबल तुटूनही अलीकडचा दिवा पेटलेला राहत असेल, तर ती घ्यावी. आमच्याकडे स्विच ते स्विच सलग तांबे होते, केबल तुटताच दोन्हीकडचे दिवे जाणार होते, म्हणून तिची गरज नव्हती.

दुसऱ्या प्रयत्नाआधीचे दिवस

पहिले काम कागदावर झाले. सर्व्हर खोलीतला पोर्ट, पॅच पॅनेलची (भिंतीतल्या केबल जिथे येऊन संपतात त्या फळीची) जागा, वरच्या पॅनेलची जागा आणि मजल्यावरचा पोर्ट असा तक्ता केला : २१ चा जोडीदार ४५, २२ चा ४६, २३ चा ४७, २४ चा ४८. एलएसीपीला जोड्या उलटसुलट झाल्या तरी फरक पडत नाही. पण पुढे एखादी केबल खराब झाली की कोणती काढायची, हे शोधणाऱ्याला पडतो. त्याच कागदावर ‘ट्रंक’ हा शब्द वापरायचा नाही, असे आम्ही दोघांनी ठरवले. बांधलेल्या पोर्टांना ‘गट’ म्हणायचे आणि व्हीलॅन नेणाऱ्याला ‘टॅग्ड’. या लेखात मी तो शब्द वापरतो आहे कारण वाचकांना तो परिचित आहे, पण कामाच्या वेळी तो आमच्या तोंडी नव्हता.

दुसरे काम स्पॅनिंग ट्री चालू करण्याचे. ते मुद्दाम ट्रंकच्या आधी काही दिवस, वेगळ्या संध्याकाळी केले, कारण एकाच रात्री दोन बदल केले आणि काही बिघडले तर दोष कोणाचा हे ठरवण्यातच रात्र जाते. दोन्हीकडे जलद प्रकारचा स्पॅनिंग ट्री घेतला, संगणकांचे पोर्ट टोकाचे म्हणून घोषित केले आणि मुख्य स्विच मुळाशी राहावा म्हणून त्याचा प्राधान्यक्रम (आकडा जितका लहान तितका मान मोठा) नेहमीच्या ३२७६८ वरून ४०९६ वर आणला. यामुळे चार केबल न बांधता लावल्या गेल्या तरी तीन अडवल्या जातील आणि एक चालू राहील, एवढी जाळी खाली पसरली गेली. गट नीट बांधला गेला की स्पॅनिंग ट्रीला चार पोर्टांऐवजी एकच पोर्ट दिसतो आणि अडवण्यासारखे काही उरत नाही.

तिसरे काम केबलचे, आणि इथे जे सापडले ते अनपेक्षित होते. तिन्ही नव्या केबल एकेक करून टेस्टरवर पाहिल्या, तशाच दोन्ही टोकांना लॅपटॉप लावून कोणता वेग ठरतो तेही पाहिले. दोन ठिकाणी १००० आला. तिसरीवर, म्हणजे २४ ते ४८ या वाटेवर, दिवा लागला, पिंग (पोहोच तपासणारा संदेश) गेला, पण वेग १०० वर थांबला. १०० मेगाबिटला चारपैकी दोनच जोड्या लागतात, पिन १-२ आणि ३-६. गिगाबिटला चारही लागतात. टेस्टरने ७-८ ची जोडी उघडी दाखवली. वरच्या पॅच पॅनेलचा मागचा भाग सोडून पाहिला तेव्हा तपकिरी जोडीतली एक तार खाचेत पूर्ण खाली गेलेली नव्हती, नुसती वर टेकलेली होती. ती पुन्हा पंच केली आणि वेग १००० झाला.

हे आधी सापडले नसते तर काय झाले असते, याचा विचार करण्यासारखा आहे. गटातल्या सर्व पोर्टांचा वेग एकच असावा लागतो आणि ते फुल डुप्लेक्स, म्हणजे एकाच वेळी दोन्ही दिशांनी चालणारे, असावे लागतात, म्हणून तो पोर्ट गटाबाहेर राहिला असता, उरलेल्या तिघांचा गट झाला असता, नेटवर्क चालले असते, आणि चौथी केबल लावलेली दिसते म्हणून आम्ही काम पूर्ण झाले असे समजून घरी गेलो असतो.

चौथे काम पोर्टांशी चिकटलेल्या जुन्या नियमांचे. पोर्ट गटात गेला की त्याचे स्वतंत्र अस्तित्व संपते, आणि त्याच्या नावावर केलेली प्रत्येक गोष्ट त्याच्यासोबत जाईलच असे नाही. आमच्या मुख्य स्विचवर पोर्ट गटात टाकताच त्याचे व्हीलॅन सुटतात आणि नवा गट मूळ व्हीलॅन १ मध्ये, टॅगविना, जाऊन बसतो. हे पुस्तकात वाचले होते, पण मनावर ठसले ते टेबलावरच्या रंगीत तालमीत. एक जादा स्विच समोर ठेवून गट बांधला, संगणकाला पत्ता मिळाला, आणि टेलिफोनला मिळेना, कारण टेलिफोनचा व्हीलॅन २० गटावर टॅग केलेलाच नव्हता. मजल्यावरच्या स्विचची खोड निराळी : तिथे गटाच्या सर्व सदस्यांची रचना तंतोतंत सारखी असावी लागते, मोड, परवानगी असलेले व्हीलॅन, टॅगविना जाणारा व्हीलॅन, यांपैकी काहीही एका पोर्टवर वेगळे असले की तो पोर्ट बाजूला ठेवला जातो. म्हणून तिथे गट आधी तयार करायचा आणि पुढचे सगळे नियम गटाच्या नावावर द्यायचे, सुट्या पोर्टावर कधीच नाही, हा क्रम ठरवला. पोर्ट ४६ वर पहिल्या प्रयत्नातली ट्रंक मोडची रचना तशीच पडून होती. ती पुसून तिन्ही मोकळे पोर्ट मूळ स्थितीत आणले. आलेख काढणाऱ्या यंत्रणेतही पोर्ट २१ चा आलेख ठेवून गटाचा आणि प्रत्येक सदस्याचा असे नवे आलेख घातले.

शेवटी परतीची वाट. दोन्ही स्विचची चालू रचना फाइलमध्ये काढून लॅपटॉपवर ठेवली, नेटवर्कवर नव्हे. दोन्हीकडे कन्सोल केबल (नेटवर्कविना थेट स्विचमध्ये शिरण्याची) जोडून लॉगिन होते का, हे प्रत्यक्ष करून पाहिले. नवी रचना खात्री होईपर्यंत कायमस्वरूपी जतन करायची नाही, म्हणजे वेळ आलीच तर वीज बंद-चालू करून जुन्या रचनेवर येता येईल, असेही ठरले. मात्र या सोयीला एक काटा आहे : एकच स्विच जुन्या रचनेवर परतला आणि दुसरा नव्या रचनेवर राहिला तर तीच अर्धी अवस्था तयार होते. त्यामुळे परत फिरायचे झाल्यास आधी तिन्ही नव्या केबल काढायच्या, मगच स्विचला हात लावायचा, ही ओळ कागदावर सर्वांत वर लिहिली.

बदलाची रात्र

नव्या पोर्टांना आज्ञेने बंद ठेवून केबल आधीच लावून ठेवाव्यात, असा एक पर्याय होता आणि बहुतेक मार्गदर्शिका तो चालवून घेतात. मला तो पुरेसा वाटला नाही. बंद केलेला पोर्ट रचनेच्या एका ओळीने बंद असतो, आणि स्विच जुन्या रचनेवर परतला की ती ओळ नाहीशी होते. टोक हवेत लटकत असलेली केबल मात्र कोणत्याही रचनेत बंदच राहते. म्हणून वरची टोके स्विचमध्ये गेली आणि खालची टोके २२, २३, २४ अशी चिठ्ठी लावून रॅकच्या कडेला बांधून ठेवली.

दोन्ही बाजूंना तीन-तीन पोर्टांचे गट बांधले, व्हीलॅन १०, २० आणि ३० टॅग केले, व्यवस्थापनाचा ९९ ही टॅग केला, आणि दोघांनी आपापल्या पडद्यावरची यादी एकमेकांना मोबाइलवर वाचून दाखवली. जुनी केबल तोपर्यंत चालूच होती, वापरकर्त्यांना काही कळले नव्हते. मग मी २१ मधली केबल काढली.

“पंचेचाळीसचा दिवा गेला का?”

“गेला.”

“बावीस लावतो.”

एकच केबल असताना लूप होऊच शकत नाही, रचना कितीही चुकलेली असली तरी. म्हणून पहिली केबल हीच खरी परीक्षा होती. काही सेकंदांत दोन्हीकडे गट चालू दिसला. नुसते ‘चालू’ दिसणे मी पुरेसे मानले नाही. समोरच्या यंत्राची ओळख म्हणून जो पत्ता दिसत होता तो खरोखर वरच्या स्विचचाच आहे का, हे त्यांना वाचायला लावून जुळवले. प्रत्येक व्हीलॅनमधल्या एकेका यंत्राला पिंग केला, एक टेलिफोन लावून पाहिला. त्यानंतरच २३ आणि मग २४, प्रत्येक वेळी दोन्हीकडे सदस्यसंख्या वाढल्याची खात्री करून. शेवटी २१ आणि ४५ हे मोकळे झालेले पोर्ट दोन्हीकडे गटात टाकले आणि चौथी केबल जिथे होती तिथेच परत लावली.

परीक्षा उलट दिशेनेही घेतली. पिंग चालू ठेवून एकेक केबल उपटली आणि परत लावली. प्रत्येक वेळी फार तर एखादा प्रतिसाद चुकला. चारही वेळा ठीक झाल्यावर दोन्ही रचना जतन केल्या आणि जुन्या रचनेची फाइल तारीख घालून बाजूला ठेवली.

चार गिगाबिट, पण कोणासाठी

सकाळच्या तक्रारी थांबल्या. त्याच आठवड्यात विचारणा झाली की रात्रीचा बॅकअप चौपट वेगाने का झाला नाही. बॅकअपची साठवण पेटी मुद्दाम सर्व्हर खोलीपासून दूर, वरच्या मजल्यावर ठेवलेली आहे, त्यामुळे तो सगळा भार याच ट्रंकवरून जातो. पण ट्रंक एका संभाषणाचे तुकडे करून चार केबलवर वाटत नाही. एका संभाषणातल्या फ्रेमचा क्रम बदलू नये, ही प्रमाणाची अट आहे, आणि ती पाळण्याचा सोपा मार्ग म्हणजे ते संभाषण एकाच केबलवर ठेवणे. स्विच पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता घेऊन एक लहानसे गणित करतो आणि येणाऱ्या उत्तरावरून केबल निवडतो. त्या गणिताचा सर्वांत साधा प्रकार असा : आयपी पत्त्यांच्या शेवटच्या अंकांचे द्विमान रूप घ्यायचे, शेवटचे दोन बिट एकमेकांशी ताडायचे, सारखे असतील तिथे ०, वेगळे असतील तिथे १. सर्व्हरचा शेवटचा अंक १०, म्हणजे बिट १०; संगणकाचा २३, म्हणजे ११; उत्तर ०१. २४ साठी १०, २५ साठी ११, २६ साठी ००. शेजारचे चार संगणक चार केबलवर गेले. २७ मात्र पुन्हा २३ च्याच केबलवर. बॅकअपचा सर्व्हर आणि साठवण पेटी ही एकच जोडी असल्याने तिला एकच केबल, म्हणजे कागदोपत्री सेकंदाला १२५ मेगाबाइट. शिवाय ती पेटी स्वतःच १ गिगाबिटच्या पोर्टवर बसलेली आहे, तेव्हा दहा केबल बांधल्या तरी तिचा वेग वाढणार नव्हता.

यातून एक मजेशीर तक्रार मात्र निघाली. एका दिवशी बॅकअप लांबला आणि कामाच्या वेळेत शिरला. मजल्यावरच्या काही जणांना फाइली संथ वाटत होत्या, त्यांच्या शेजाऱ्यांना अजिबात नाही. त्यांच्या यंत्रांचे पत्ते लिहून काढले तेव्हा ते साधारण दर चौथे निघाले : बॅकअप ज्या केबलवर होता तिच्यावरच गणिताने टाकलेले. बॅकअप लवकर सुरू करून हा प्रश्न मिटवला. मजल्यावरचा स्विच केवळ पाठवणाऱ्याच्या हार्डवेअर पत्त्यावरून केबल निवडत होता, तेही बदलून दोन्ही आयपी पत्त्यांवर आणले. ही निवड प्रत्येक बाजू आपल्याकडून जाणाऱ्या वाहतुकीपुरतीच करते, त्यामुळे दोन्हीकडचे गणित सारखे नसले तरी चालते. एखादे संभाषण जाताना एका केबलने आणि परत येताना दुसरीने जाते, इतकेच.

राहिलेला धोका एकच होता, आणि तो यंत्रात नव्हता. यांपैकी एखादा स्विच उद्या जळाला तर कोणीतरी कपाटातला जादा स्विच काढील, जुन्याच्या जागी बसवील आणि होत्या त्याच छिद्रांत सगळ्या केबल खोचील. त्या स्विचला गट माहीत नसेल, कदाचित स्पॅनिंग ट्रीही नसेल. म्हणून दोन्ही रॅकवर, चार केबल जिथे एकत्र बांधल्या आहेत तिथे, एक जाड कागद अडकवला आहे : ‘या चारही केबल मिळून एकच जोडणी आहे. स्विच बदलताना फक्त २१-४५ लावावी. उरलेल्या तीन, दोन्ही बाजूंना गट बांधून झाल्यावर.’ जादा स्विचच्या खोक्यावरही त्याच मजकुराची प्रत चिकटवली आहे.